आयएलडीच्या निदानासाठी ‘बीएएल’ तपासणी : पेशींच्या टक्केवारीतून काय कळतं, काय कळत नाही

नागपूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 57. विडी-सिगारेट कधीच नाही. सात-आठ महिने कोरडा खोकला, आणि आता एक जिना चढला तरी धाप लागते. थुंकीत टीबी सापडलेला नाही. एचआरसीटीत, म्हणजे फुफ्फुसांच्या बारकाव्याच्या सीटी स्कॅनमध्ये, दोन्ही फुफ्फुसांत धुरकट भाग, मधूनमधून हवा अडकून राहिलेले काळसर चट्टे आणि थोडा फायब्रोसिस (फुफ्फुस घट्ट करणारे व्रण) दिसतो. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय : ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस की एनएसआयपी (नॉनस्पेसिफिक इंटरस्टिशियल न्यूमोनिया)?’ हे दोन्ही आयएलडीतले, म्हणजे वायुकोशांभोवतीच्या ऊतींना सूज येऊन पुढे व्रण पडू शकणाऱ्या आजारांच्या गटातले. छातीच्या डॉक्टरांनी ब्राँकोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालणं) करून बीएएल, म्हणजे ब्राँकोअल्व्हिओलर लॅव्हेज : फुफ्फुसाचा एक भाग सलाइनने धुऊन त्या पाण्यातल्या पेशींची तपासणी करायला सांगितलं आहे. यातून निदान नक्की होईल का, बायोप्सी टळेल का, की आईला उगाच त्रास?

मी सायटोपॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशी तपासून निदान करणारी डॉक्टर आहे. हे पाणी ज्या टेबलावर येतं तिथे बसून मी काम करते, म्हणून त्या बाजूने उत्तर देते. तुमच्या आईच्या बाबतीत ही तपासणी करण्यासारखी आहे. पण पेशींची टक्केवारी एकटी निदान करत नाही. स्कॅन पाहून डॉक्टरांच्या मनात जे दोन-तीन आजार आहेत त्यातला कुठला जास्त संभवतो आणि कुठला कमी, हे ती सांगते. आणि तेही पाणी नीट काढलं असेल, वेळेत लॅबमध्ये पोहोचलं असेल आणि मोजणाऱ्याने जीव लावून मोजलं असेल तरच. यातली एक कडी जरी कच्ची राहिली तरी रिपोर्टवर आकडे छापून येतातच, आणि ते खऱ्या आकड्यांसारखेच दिसतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे ‘फुफ्फुसात पाणी झालंय’ म्हणतात ते पाणी वेगळं. ते फुफ्फुसाच्या बाहेर, दोन आवरणांच्या मध्ये साठतं आणि पाठीतून सुई घालून काढतात. थुंकी ही तिसरी गोष्ट. ती मोठ्या श्वासनलिकांमधून येते आणि वर येताना तोंडातलं बरंच काही सोबत आणते. बीएएलमध्ये पाणी आपणच आत सोडतो आणि परत खेचून घेतो. लोण्याचं भांडं विसळल्यावर कडेला चिकटलेले कण जसे पाण्यात उतरतात, तसे वायुकोशांत असलेल्या पेशी त्या सलाइनसोबत बाहेर येतात. बायोप्सीचा तुकडा काही मिलिमीटरचा असतो, तर एका धुण्यात साधारण दहा लाख वायुकोशांपर्यंत पाणी पोहोचतं असा अंदाज आहे. मात्र बायोप्सीत पेशींची मांडणी दिसते, कोण कुणाशेजारी आहे हे कळतं. बीएएलमध्ये मांडणी हरवते, फक्त हजेरी उरते. या तपासणीचं बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही इथूनच येतात.

जपानच्या शिगेतो इकेदा यांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात लवचिक ब्राँकोस्कोप आणला आणि 1974 मध्ये रेनॉल्ड्स आणि न्यूबॉल यांनी माणसाच्या फुफ्फुसातल्या या पाण्याचं पद्धतशीर विश्लेषण मांडलं. नंतरच्या दशकांत उत्साह इतका वाढला की जणू प्रत्येक आजाराची पेशींतून ओळख पटणार. तसं झालं नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2012 साली या तपासणीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यांत पाणी किती सोडायचं, किती परत यायला हवं, किती पेशी मोजायच्या आणि कुठल्या आकड्याचा काय अर्थ लावायचा हे नेमकं लिहिलं आहे. खाली दिलेले आकडे मुख्यतः तिथलेच.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगते. घसा आणि श्वासनलिका लिग्नोकेनने बधिर करतात, बहुतेक ठिकाणी थोडी गुंगीही देतात. नळी एका उपशाखेत हलकेच अडकेल अशी बसवतात. पूर्वी सरसकट उजव्या बाजूचा मधला भाग धुवायचे, कारण झोपलेल्या माणसात तिथून पाणी चांगलं परत येतं. आता ताजा एचआरसीटी पाहून, जिथे धुरकटपणा जास्त आणि जुना फायब्रोसिस कमी, तिथे धुतात. म्हणून स्कॅन सहा आठवड्यांपेक्षा जुना नसावा. एकूण 100 ते 300 मिलिलिटर सलाइन तीन ते पाच हप्त्यांत सोडतात आणि प्रत्येक हप्ता हळुवार ओढून घेतात. सोडलेल्यापैकी निदान 30 टक्के परत यावं अशी अपेक्षा असते. जोरात ओढलं तर श्वासनलिका मिटते, भिंत खरवडली जाते आणि पाणी लाल होऊन येतं. मग हे रक्त आजाराचं की नळीचं, असा प्रश्न आमच्यासमोर उभा राहतो. 150 सोडून 20 मिलिलिटर आलं असेल तर ते बहुधा मोठ्या नलिकांचंच धुवण असतं, वायुकोशांपर्यंत आपण पोहोचलोच नाही असं धरावं. म्हणून किती सोडलं आणि किती आलं, हे दोन आकडे रिपोर्टवर असलेच पाहिजेत. नसतील तर मागून घ्या.

बीएएल ही तशी सुरक्षित तपासणी आहे. त्या दिवशी संध्याकाळी थोडा ताप येतो बऱ्याच जणांना. एक-दोन दिवसांत जातो. ऑक्सिजन थोडा वेळ खाली येतो, म्हणून बोटाला यंत्र लावून ठेवतात. पण फायब्रोसिस खूप असेल, बसल्या जागी ऑक्सिजन कमी असेल किंवा गेल्या काही दिवसांत धाप अचानक वाढली असेल, तर या तपासणीनंतर आजार उसळल्याची उदाहरणं आहेत. अशा वेळी घाई न करता डॉक्टर थांबतात, आणि त्यांनी थांबावंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

आता लॅबकडे येऊ. पाणी बाहेर आल्यापासून तासाभरात आमच्या हातात यावं. उशीर होणारच असेल तर 4 अंशाला ठेवून फार तर चार तास. त्यापुढे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फुटायला लागतात, आकारावरून ओळख पटेनाशी होते आणि सगळी टक्केवारी सरकते. काचेच्या बाटलीत पाठवलं तर मॅक्रोफेज, म्हणजे धूळ आणि जंतू गिळणाऱ्या पेशी, काचेला चिकटून बसतात आणि मोजणीत कमी भरतात. प्लास्टिकची बाटली हवी. फॉर्मॅलिन तर अजिबात नको. बायोप्सी फॉर्मॅलिनमध्ये पाठवायची सवय हाताला इतकी लागलेली असते की लॅव्हेजमध्येही ते ओतलं जातं, आणि मग टीबीचं कल्चरही गेलं, पेशींची वेगवेगळी मोजणीही गेली. पेशींसाठी 10 ते 20 मिलिलिटर पाणी मिळालं तर उत्तम, 5 हा तळ. बाकीचं पाणी मायक्रोबायोलॉजीला वेगळ्या निर्जंतुक बाटलीत.

आम्ही आधी डोळ्यांनी पाहतो. स्वच्छ, थोडं फेसाळ पाणी बहुतेकदा असतं. मग एकूण पेशी मोजतो, त्यांतल्या जिवंत किती ते ट्रायपॅन ब्लूने पाहतो, सायटोस्पिन नावाच्या यंत्रात फिरवून काचपट्टीवर पातळ थर बसवतो, तो जिम्सा पद्धतीने रंगवतो आणि निदान 400 पेशी एकेक करून मोजतो. शंभर मोजून टक्केवारी लिहिणं सोपं, पण एक-दोन टक्क्यांनी अर्थ बदलतो तिथे शंभर पुरत नाहीत. श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी 5 टक्क्यांहून जास्त असतील किंवा तोंडातल्या चपट्या पेशी भरपूर दिसत असतील, तर नमुना वायुकोशांचा नाही हे मी रिपोर्टवर लिहून टाकते. त्याच्या पुढचे आकडे कुणी गंभीरपणे घेऊ नयेत.

धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसात या पाण्यातल्या 85 टक्क्यांहून अधिक पेशी मॅक्रोफेज असतात. बाकीच्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट 10 ते 15 टक्के, न्यूट्रोफिल 3 पर्यंत, इओसिनोफिल फार तर 1. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत एकूण पेशी कितीतरी वाढतात, पण त्या मुख्यतः मॅक्रोफेज असतात, तपकिरी दाण्यांनी भरलेल्या. लिम्फोसाइटचं प्रमाण त्यामुळे खाली येतं. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या मॅक्रोफेजमध्ये काजळीचे काळे कण दिसतात. आई लहानपणापासून लग्नानंतरच्या काही वर्षांपर्यंत चुलीवर स्वयंपाक करत असतील तर ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे काळे कण दिसले की कुणी सिगारेटचा संशय घेणार नाही.

तुमच्या प्रश्नाचा गाभा लिम्फोसाइटमध्ये आहे, म्हणून तिथे जरा थांबते. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, ज्याला सगळे एचपी म्हणतात, त्यात श्वासावाटे रोज आत जाणाऱ्या सूक्ष्म कणांवर फुफ्फुसाची प्रतिकारशक्ती बिथरते. बुरशी, पक्ष्यांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ, सडकं गवत, ओल धरलेल्या भिंती. या लढाईत लिम्फोसाइट गोळा होतात आणि धुवणात त्यांचं प्रमाण चढतं. 25 टक्क्यांच्या वर गेलं की एचपी, सारकॉइडोसिस (फुफ्फुसांत आणि गाठींत पेशींचे छोटे पुंजके होणारा आजार), पेशीबहुल एनएसआयपी, औषधाची प्रतिक्रिया, ऑर्गनायझिंग न्यूमोनिया असे आजार विचारात येतात. 50 च्या वर गेलं की एचपी किंवा पेशीबहुल एनएसआयपी या दोघांकडे काटा झुकतो. त्यासोबत न्यूट्रोफिल थोडे वाढलेले आणि मास्ट पेशी 1 टक्क्याहून जास्त असतील तर ताज्या एचपीचा संशय बळावतो. याउलट इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे आयपीएफमध्ये लिम्फोसाइट सहसा फारसे वाढत नाहीत. हा फरक महत्त्वाचा, कारण एचपीत आणि एनएसआयपीत स्टेरॉइडचा उपयोग होऊ शकतो, आयपीएफमध्ये स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन एकत्र दिल्याने नुकसान होतं.

मग आईच्या पाण्यात समजा 45 टक्के लिम्फोसाइट आले. स्कॅनमध्ये हवा अडकलेले चट्टे, घरात बुरशीचा किंवा पक्ष्यांचा संपर्क आणि हे 45 टक्के, तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर एचपीचं निदान बऱ्याच खात्रीने करता येतं आणि बायोप्सी टाळता येते. 2020 मध्ये अमेरिकन, जपानी आणि लॅटिन अमेरिकन संस्थांनी मिळून एचपीसाठी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हीच तीन टेकणं आहेत : संपर्क, स्कॅनचं रूप आणि लॅव्हेजमधले लिम्फोसाइट किंवा बायोप्सी. समजा 12 टक्केच आले, तर? तर एचपी नाही असं म्हणता येत नाही. फायब्रोसिस झालेल्या जुन्या एचपीत लिम्फोसाइट कमी होत जातात. तुमच्या आईच्या स्कॅनमध्ये थोडा फायब्रोसिस आहे, म्हणून हा मुद्दा तुम्हाला लागू आहे. आकडा वाढलेला आला तर पुष्कळ सांगतो, साधा आला तर थोडंच.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. आईला कुणी प्रेडनिसोलोन चालू केलं आहे का, ते आजच पाहा. खोकला थांबत नाही म्हणून आठ-दहा दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि काही वेळा चिठ्ठीवर त्या दुसऱ्याच नावाने असतात. स्टेरॉइडने लिम्फोसाइट झपाट्याने खाली येतात. त्या अवस्थेत काढलेलं पाणी मला 10 टक्के दाखवेल, मी प्रामाणिकपणे 10 लिहीन आणि डॉक्टर चुकीच्या वाटेला लागतील. गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, पण किती दिवस आणि किती मात्रा हे छातीच्या डॉक्टरांना नक्की सांगा आणि लॅबच्या फॉर्मवर लिहायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फॉर्मवर ‘आयएलडी’ एवढी तीनच अक्षरं असतात. वय, स्टेरॉइड, कबुतरं, कूलर, नोकरी, संधिवात, चालू औषधं हे सगळं लिहिलेलं असलं तर त्याच स्लाइडमधून मी किती तरी जास्त वाचू शकते.

कूलरचा उल्लेख मुद्दाम केला, कारण तुम्ही नागपूरचे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आयएलडी नोंदणीत 19 शहरांतल्या 27 केंद्रांवरचे 1084 रुग्ण होते आणि त्यातल्या 47.3 टक्क्यांना एचपी असल्याचं निदान झालं होतं. एचपी असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा एअर कूलरशी संपर्क होता. हा आकडा सगळ्यांना पटलेला नाही. चंदीगडच्या पीजीआयच्या रुग्णांत सारकॉइडोसिस सगळ्यात जास्त निघाला आणि एचपी दहा-अकरा टक्केच. कूलर घरोघरी असतो, म्हणून नुसता कूलर आहे एवढ्यावरून आजार त्यानेच झाला असं ठरत नाही. तरी ताट्या वर्षानुवर्षं त्याच असतील, काळ्या पडल्या असतील, टाकीत शेवाळ असेल आणि खोकला उन्हाळ्यात वाढत असेल, तर मी तो पुरावा हलका समजणार नाही. मुंबई-पुण्यात हाच प्रश्न कबुतरांचा आहे : डक्टमध्ये घरटी, खिडकीच्या एसीवर विष्ठेचे थर. दादरचा कबुतरखाना 2025 च्या ऑगस्टमध्ये ताडपत्रीने झाकला गेला तेव्हा मोठा वाद झाला. श्रद्धेचा भाग मी समजू शकते, पण या धुळीने फुफ्फुसं आकसलेली माणसं खरीखुरी आहेत, त्यांच्या स्लाइड मी पाहते. घरात पारवे असोत, पोपट असो, पिसांची उशी असो, ओल धरलेली भिंत असो, सगळं आठवून एका कागदावर लिहून न्या.

आता टीबी. आपल्या देशात फुफ्फुसाचं कुठलंही निदान टीबीला विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही, आणि नेमकं इथेच पेशींची टक्केवारी कमी पडते. टीबीतही लिम्फोसाइट वाढतात, सारकॉइडोसिसमध्येही वाढतात. लिम्फोसाइटचे उपप्रकार फ्लो सायटोमेट्रीवर मोजून सीडी4 आणि सीडी8 यांचं गुणोत्तर 3.5 ते 4 च्या वर आलं तर सारकॉइडोसिसच्या बाजूने जातं. पण सारकॉइडोसिस असूनही ते नॉर्मल असलेले रुग्ण पुष्कळ, म्हणून या गुणोत्तरासाठी वेगळे पैसे खर्च करायला मी सहसा सुचवत नाही. त्यापेक्षा त्याच पाण्याची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि टीबी कल्चर तपासणी जरूर करा. सीबीनॅटचं उत्तर काही तासांत मिळतं. द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला 42 दिवस थांबावं लागतं. छातीच्या मध्यभागातल्या गाठी वाढलेल्या असतील तर ईबस, म्हणजे टोकाला सोनोग्राफी असलेल्या नळीतून सुईने त्या गाठींतल्या पेशी काढता येतात. त्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे घट्ट पुंजके, दिसले तर सारकॉइडोसिस की टीबी हे ठरवताना मी मधोमध कुजलेला भाग आहे का पाहते, झील-नील्सन रंगाने जंतू शोधते आणि तरी कल्चरची वाट पाहायला सांगते. आईच्या स्कॅनमध्ये अशा गाठी असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे ईबसची गरज बहुधा पडणार नाही.

इओसिनोफिलचं तसं नाही. तिथे आकडा बराच बोलका असतो. लॅव्हेजमध्ये 25 टक्के किंवा जास्त इओसिनोफिल आले की योग्य लक्षणांच्या माणसात इओसिनोफिलिक फुफ्फुसविकाराचं निदान जवळजवळ झालंच. विदर्भात हत्तीरोगाचा जुना वावर असल्याने ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया डोक्यात ठेवावाच लागतो. रात्री उसळणारा खोकला, दम्यासारखी शिट्टी, रक्तात मायक्रोलिटरला 3000 हून जास्त इओसिनोफिल, लॅव्हेजमध्ये तर निम्म्याच्या आसपास. पण यासाठी बहुतेकदा फुफ्फुस धुवावं लागत नाही. साधा सीबीसी आणि डायएथिलकार्बामाझिनचा तीन आठवड्यांचा कोर्स पुरतो. आईचा सीबीसी झालेला असेलच, त्यातला इओसिनोफिलचा आकडा एकदा पाहून घ्या. इओसिनोफिल पाहताना मी स्लाइडवर स्ट्राँगायलॉइडिसच्या अळ्याही शोधते. त्या नजरेतून सुटल्या आणि स्टेरॉइड दिलं, तर जंत अंगभर पसरून माणूस दगावू शकतो.

काही आजार तर पाण्याच्या रंगावरूनच ओळख देतात. प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा लाल येत गेला तर वायुकोशांत रक्तस्राव होतो आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसमध्ये हे पाहायला मिळतं, एरवी व्हॅस्क्युलायटिसमध्ये (रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार). रक्तस्राव दोन-तीन दिवस जुना असेल तर लोह गिळलेले मॅक्रोफेज पर्ल्सच्या रंगाने निळे दिसतात, आणि ते 20 टक्क्यांहून जास्त असले की शंका उरत नाही. पाणी दुधासारखं येऊन बाटलीत तळाशी साका बसला तर अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. 1958 साली पहिल्यांदा वर्णन झालेला हा दुर्मीळ आजार, आणि त्यात संपूर्ण फुफ्फुस धुणं हा उपचारही. प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांत, म्हणजे एचआयव्ही, अवयवरोपण किंवा लांबलेलं स्टेरॉइड असलेल्यांत, चांदीच्या रंगाने न्यूमोसिस्टिसच्या पुटिका दिसतात आणि तिथल्या तिथे निदान होतं. न्यूट्रोफिल 50 टक्क्यांच्या वर गेले तर जंतुसंसर्ग, अन्न किंवा आम्ल श्वासनलिकेत उतरणं किंवा फुफ्फुसाला झालेली तीव्र इजा यांचा विचार. मग आयएलडीची चर्चा बाजूला ठेवून कल्चरची वाट पाहायची.

कॅन्सरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात ती भीती असते हे मला माहीत आहे. बीएएलच्या पाण्याची एक काचपट्टी आम्ही पॅप पद्धतीने रंगवून कॅन्सरच्या पेशींसाठी पाहतोच. काही अ‍ॅडेनोकार्सिनोमा न्यूमोनियासारखे पसरतात आणि स्कॅनवर धुरकटच दिसतात, ते अशा पाण्यात सापडतात. मात्र ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ याचा अर्थ त्या या पाण्यात नव्हत्या एवढाच. आवरणातल्या पाण्यातसुद्धा, कॅन्सर तिथे पोहोचलेला असताना, एका नमुन्यात साधारण 60 टक्के वेळाच पेशी सापडतात. म्हणून दुसरा नमुना मागितला जातो, आणि पाणी भरपूर पाठवून उरलेल्याचा सेल ब्लॉक (पेशींचा मेणात बसवलेला ठोकळा) करायला सांगावा लागतो. सेल ब्लॉक असेल तर टीटीएफ-1 आणि पी40 सारख्या तपासण्यांनी प्रकार ठरतो आणि ईजीएफआर, एएलकेसारख्या जनुकीय चाचण्यांना पेशी उरतात. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात कॅन्सरचा संशय यावा असं मला काही दिसलं नाही.

मग ही तपासणी कुणाला नको? ज्यांच्या स्कॅनवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं खालच्या आणि कडेच्या भागात ठळक आहेत, म्हणजे यूआयपीचं (आयपीएफमध्ये दिसणारं) रूप स्पष्ट आहे, आणि दुसरं कारण सापडत नाही, त्यांच्यात 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पेशी मोजण्यासाठी बीएएल न करण्याचंच सुचवलं आहे. निदान स्कॅनवरच झालेलं असतं. तुमच्या आईचं रूप तसं नाही, म्हणून डॉक्टरांनी ती सांगितली हे योग्य वाटतं. त्याआधी संधिवाताशी संबंधित रक्त तपासण्या, एएनए, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, स्क्लेरोडर्मा आणि मायोसायटिसचे अँटिबॉडी झाले आहेत का बघा. एनएसआयपी पुष्कळदा संधिवातासारख्या आजाराच्या सोबतीने येतो, आणि थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, तोंड-डोळे कोरडे पडणं या गोष्टी बायका सहसा आपणहून सांगत नाहीत. आईला शेजारी बसवून विचारा.

रिपोर्ट हातात आल्यावर टक्केवारीकडे जाण्याआधी वरचा भाग वाचा : कुठला भाग धुतला, किती पाणी सोडलं, किती आलं, पेशी किती मोजल्या, अस्तराच्या पेशी किती. हे पटण्यासारखं असेल तरच खालचे आकडे छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून पाहावेत. मोठ्या शहरांत अशा बैठका आता नियमित होतात; तुमच्या रुग्णालयात नसतील तर स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट घेऊन अशा ठिकाणी एकदा मत घेता येतं. स्लाइडही मागून नेता येतात, तो रुग्णाचा हक्क आहे.

बायोप्सीचं म्हणाल तर, लिम्फोसाइट स्पष्ट वाढलेले आले, टीबीचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि कूलर किंवा पक्षी असा संपर्क सापडला, तर ती लागणार नाही असा माझा अंदाज आहे. संपर्क तोडून आणि डॉक्टर ठरवतील ते औषध घेऊन तीन महिन्यांनी एफव्हीसी (फुफ्फुसात मावणारी हवा) आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) पुन्हा मोजतील, आणि ते आकडे सुधारले तर निदानाला आणखी बळ मिळेल. पेशींचं उत्तर मधल्यामध्ये आलं तर आजकाल ब्राँकोस्कोपीतूनच गोठवून तुकडा काढण्याची क्रायोबायोप्सी अनुभवी केंद्रांत होते. छातीवर छेद देऊन काढलेल्या बायोप्सीपेक्षा ती सोसायला हलकी, तरी रक्तस्राव आणि फुफ्फुसातून हवा गळण्याचा धोका तिच्यातही आहेच. आईचं डीएलसीओ फार खाली असेल तर तो धोका वाढतो. म्हणून ब्राँकोस्कोपीला जाण्यापूर्वी पीएफटी (फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी) आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या, आणि कूलर आजच बंद करून ताट्या काढून टाका. त्या काढताना आईला दुसऱ्या खोलीत बसवा.